काळ्या चौकोनातली खुर्ची

ही घटना खरी आहे.

कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. ज्या घरात ती घडली त्या घरी मी जेवलो आहे, त्या खुर्चीत बसलो आहे, आणि तो कॅमेरा खाली उतरवून, उलटासुलटा करून तपासलाही आहे. त्यात बिघाड नव्हता.

बिघाड असता तर फार बरे झाले असते.

आणखी एक. वेळ रात्रीची नव्हती. लख्ख दुपार होती, रस्त्यावर वाहने होती, खालच्या मजल्यावर कोणीतरी कपडे वाळत घालत होते. घर दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी लाकडी हातांची एक खुर्ची, शेजारी पायाने चालवायचे शिलाई मशीन, समोर कपाट. कपाटावर मुठीएवढा पांढरा कॅमेरा.

त्या घरात आई आणि बाबा राहत. बाबा यंत्रशाळेत लेथवर धातू कातायला शिकवून निवृत्त झालेले. आई लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या तयार करण्याचे काम करी. चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे ठकीच म्हणत.

कॅमेरा ठकीनेच आणला होता. आईला दोनदा भोवळ आली, तेव्हा.

कॅमेरा हुशार होता. घरात कोणी हलले की ठकीच्या फोनवर सूचना येई. तो चेहरे ओळखी. एकदा नावे सांगितली की 'आई खोलीत आहे', 'बाबा दाराशी आहेत' असे लिहून पाठवी.

बाबांना त्याचे भारी कौतुक वाटले. आईला मुळीच नाही.

ही चित्रे जातात कुठे, असे तिने पहिल्याच दिवशी विचारले. कंपनीच्या संगणकात साठतात, असे ठकीने सांगितले. म्हणजे कुठल्या तरी परक्या माणसांच्या कपाटात मी जांभया देत बसणार, असे म्हणून आईने कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा घातला. ठकीने फोनवरून विनवण्या केल्या. बाबांनी अभ्रा काढला. दुसऱ्या दिवशी अभ्रा पुन्हा जागेवर.

शेवटी तोड काढली ती बाबांनी.

त्या कॅमेऱ्यात एक सोय होती. चित्राचा हवा तेवढा भाग कायमचा झाकून टाकता येई. तिथे नुसता काळा चौकोन दिसे. त्यामागे काय आहे ते पाहणाऱ्याला दिसत नसे, आणि साठवलेही जात नसे. आईची खुर्ची आणि तिच्या आसपासची जागा झाकायची, बाकी खोली उघडी ठेवायची, असे ठरले. चौकोन घालण्याचा आणि उघडण्याचा अधिकार फक्त ठकीच्या फोनला. बाबांचा फोन बटणांचा.

मग बाबा स्वतः खुर्चीत बसले. हात पसरून, पाय लांब करून, वाकून, सगळ्या तऱ्हा करून दाखवल्या. तिकडून ठकी सांगत होती, बाबा, कोपर दिसतंय, अजून डावीकडे घेते, आता चप्पल दिसतेय. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती.

लेथवरचा माणूस तो. चौकोन अगदी नेमका बसवून घेतला.

आईने दोन अटी घातल्या. आवाज साठवायचा नाही. आणि...

"मला विचारल्याशिवाय तो चौकोन उघडायचा नाही. कबूल?"

ठकीने कबूल केले.

एवढे काय लपवायचे असते एका म्हाताऱ्या बाईला, हा प्रश्न तिने विचारला नाही.

*

त्या दुपारी बाबा डोळे तपासायला गेले होते.

ठकी कामावर होती. प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात बसवत होती. मागे पॉलिशचे यंत्र घरघरत होते. तिने घरी फोन लावला. आईने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

ठकीने कॅमेरा उघडला.

खोली रिकामी होती. पंखा फिरत होता. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. आणि तो काळा चौकोन.

असेल खुर्चीत, असे तिला वाटले. फोन आत राहिला असेल. कॅमेऱ्यातून बोलताही येई, ऐकताही येई. तिने बटण दाबले आणि म्हटले, "आई, फोन उचल गं."

उत्तर आले नाही. कपाटावरून मुलीचा आवाज आला की आई मुद्दाम गप्प बसे, हे ठकीला ठाऊक होते. शिवाय मागे यंत्र चालू होते. तिने फोन बाजूला ठेवला आणि मेण गरम करायला घेतले.

बाबा संध्याकाळी परतले.

आई खुर्चीच्या पायाशी होती. जमिनीवर.

काळ्या चौकोनाच्या अगदी आत. हात नाही, पाय नाही, केसाची बटसुद्धा चौकोनाबाहेर आलेली नव्हती.

दुपारीच गेल्या, असे डॉक्टर म्हणाले. ठकीने त्यांना एकच विचारले. लगेच गेली, की पडून राहिली होती? ते खात्रीने सांगता येणार नाही, असे ते म्हणाले.

त्या दुपारचे चित्रण ठकीने पुनःपुन्हा पाहिले. पंखा. दार. काळा चौकोन. आवाज तर साठवलेलाच नव्हता.

मी हाक मारली तेव्हा आई होती का?

हा एक प्रश्न घेऊन ती जगू लागली. झोप उडाली. तिच्या हातची कामे परत येऊ लागली. प्रयोगशाळेतला पॉलिशवाला वयाने मोठा आणि जिभेने तिखट. त्याने एकदा एक कवळी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे दात एकमेकांशी भांडलेत. समजूत घाला." ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. त्यानंतर त्याने तिची थट्टा केली नाही. तिची कामे गुपचूप तोच तपासू लागला.

*

बाबांनी घर सोडायला नकार दिला. खुर्ची तशीच ठेवली. शिलाई मशीन मात्र त्यांच्याने बघवेना. ते समोरच्या नर्सबाईंना देऊन टाकले.

कॅमेरा राहिला. आता बाबांसाठी.

काही आठवड्यांनी कंपनीने त्यात एक नवी सोय घातली. कॅमेऱ्याला काय दिसते ते तो, नाव न घेता, एका ओळीत लिहून पाठवणार. बाबा एकटे असतात, म्हणून ठकीने ती चालू केली.

'एक पुरुष चहा पीत आहे.' 'एक पुरुष दार लावून बाहेर जात आहे.' अशा ओळी येत. तिला त्यांचा आधार वाटे.

एका दुपारी बाबा दार लावून बाहेर पडले. तशी ओळ आली.

थोड्या वेळाने दुसरी ओळ आली...

'एक स्त्री खुर्चीत बसली आहे.'

ठकीने कॅमेरा उघडला. खोलीत कोणी नव्हते. पंखा बंद. दार बंद. काळा चौकोन.

किल्ली नर्सबाईंकडे असे. ठकीने त्यांना फोन केला. त्या दवाखान्यात होत्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

दुसऱ्या दुपारी, त्याच सुमाराला...

'एक स्त्री शिवत आहे.'

या वेळी ठकीने आवाज ऐकण्याचे बटण दाबले. फोन कानाशी धरला. मागे यंत्राची घरघर. तिने हात वर करून पॉलिशवाल्याला थांबायला सांगितले. यंत्र बंद झाले.

खट... खट... खटखटखट...

थांबले.

पुन्हा... खटखटखट...

पॉलिशवाला रुमालाला हात पुसत जवळ आला. "कोण शिवतंय?" त्याने सहज विचारले.

मशीन त्या घरात नव्हतेच.

ठकीने कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण फार नम्र होता. काळा रंग कॅमेऱ्याच्या आतच चढतो, असे त्याने समजावले. त्यामागचे ना आम्हाला दिसत, ना वर्णन लिहिणाऱ्या यंत्रणेला. कधीकधी ती यंत्रणा नसलेले काही कल्पून लिहिते. त्रास होत असेल तर ती सोय बंद करा. आणि आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?

ठकीने सोय बंद केली नाही.

करायला हवी होती, असे आजही काही जण म्हणतात. ज्यांची आई आहे तेच असे म्हणतात.

तिसऱ्या दुपारी ओळ आली...

'स्त्री तोंडातून काहीतरी काढून वाटीत ठेवत आहे.'

ठकी त्या ओळीकडे पाहतच राहिली. मग तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, आई दुपारी कवळी काढून ठेवायची का?"



"तुला कोणी सांगितलं?"

"काढायची का?"

"रोज. जेवण झालं की वाटीत. डावीकडे टोचायची तिला. तुला कळू द्यायचं नाही अशी मला तंबी होती. पोरीनं हातानं केलीय, म्हणायची, तिचं तोंड एवढंसं होईल."

ती कवळी ठकीने केली होती. आईसाठी म्हणून सुट्टी काढून, एकेक दात निवडून. कशी बसते, असे दर भेटीत ती विचारी. अगदी अंगाबरोबर शिवलेल्या झग्यासारखी, उगाच हात लावू नकोस, असे आई सांगे.

म्हणजे एवढ्यासाठी चौकोन.

लेकीच्या हातचे काम टोचते, हे लेकीला दिसू नये म्हणून. एवढ्यासाठी ती झाकून बसली, आणि झाकलेलीच पडली.

ठकीने ओठ घट्ट मिटून साचा पुढे ओढला. तिला काही दिसत नव्हते.

*

पुढच्या दुपारी बाबा घरी नव्हते. ठकी कामाला हात न लावता बसली होती. पॉलिशवाल्याने आपण होऊन यंत्र बंद ठेवले होते.

'स्त्री उठून उभी राहत आहे.'

मग काही नाही.

मग...

'स्त्री जमिनीवर आहे.'

ठकीने आवाजाचे बटण दाबले. फोनमधून काहीच येत नव्हते. पंखा बंद होता, तरी पंख्याची भिरभिर ऐकू येऊ लागली... त्या दिवशी पंखा चालू होता.

'स्त्री हात हलवत आहे.'

'स्त्री कॅमेऱ्याकडे पाहत आहे.'

आणि फोनमधून एक आवाज आला. स्वच्छ. ओळखीचा.

"आई, फोन उचल गं."

तो ठकीचा स्वतःचा आवाज होता.

तिने बोलायचे बटण दाबलेले नव्हते. तिचे ओठ हललेले नव्हते.



मग...

टक... टक...

धातूचा, फरशीवरचा. आईच्या बोटात अंगुस्तान असे. सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी. शिवून झाले तरी ती काढायला विसरे.

टक... टक... टक...

जेवढा जोर उरला असेल तेवढ्याने, कोणीतरी हाकेला ओ देत होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आले होते.

फोन तिच्या हातून पडला. पॉलिशवाल्याने तो उचलला, कानाला लावला, आणि टेबलावर पालथा ठेवला. त्यालाही ऐकू आले होते. पुढे त्याने हे मला स्वतः सांगितले.

त्या संध्याकाळी ठकीने बाबांना सगळे सांगून टाकले. वेड लागलेय तुला, असे ते म्हणतील, अशी तिची अपेक्षा होती. तशी इच्छाही होती. पण बिघडलेल्या यंत्राची तक्रार ऐकावी तसे ते शांतपणे ऐकत राहिले. आधी काय आले, मग काय आले, असे मधूनमधून विचारत राहिले.

शेवटी म्हणाले, "म्हणजे रोज दुपारी ती तिथं पडते."

ठकीने हो म्हटले.

"आणि मी रोज दुपारी फिरायला जातो."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दुपारी ओळ आली, 'एक पुरुष चटई घेऊन जात आहे.' ठकीने कॅमेरा उघडला. बाबा चटई घेऊन खोलीतून चालत आले, काळ्या चौकोनाच्या कडेपाशी थांबले, वाकले, आणि आत गेले. दिसेनासे झाले.



'स्त्री जमिनीवर आहे' ही ओळ त्या दिवशी आली नाही.

आली ती अशी...

'दोन व्यक्ती जमिनीवर बसल्या आहेत.'

*

तेव्हापासून रोज तीच ओळ येऊ लागली. बाबांचे फिरणे सुटले. पण ते नीट जेवू लागले. दाढी करू लागले. नर्सबाई म्हणाल्या, काकांच्या चेहऱ्यावर तेज आलंय, दुपारी दार वाजवलं तर मात्र उघडत नाहीत.

ठकी कधीकधी आवाज ऐके. बाबांची हलकी कुजबुज येई. भाजी महाग झाल्याचे, चष्म्याचा नंबर वाढल्याचे. मध्ये थांबत. दुसऱ्याला बोलायला जागा द्यावी तसे. मग हसत.

दुसरा आवाज तिला कधीच ऐकू आला नाही.

तिला त्या खोलीत जावेसे वाटे. आणि जायची भीतीही वाटे. आपली आई तिथे असेल याची नव्हे. आपण गेल्यावर ती नसेल, याची.

मग ती दुपार आली.

ठकीने फोन लावला. बाबांनी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. नर्सबाई दवाखान्यात होत्या.

ओळ आली...

'दोन व्यक्ती जमिनीवर आहेत.'

बसल्या आहेत, असे नव्हते. नुसतेच, आहेत.

तिने बटण दाबून हाक मारली. बाबा. अहो बाबा. ऐकू येतंय का? खोली रिकामी. पंखा फिरत होता. स्वयंपाकघराचे दार उघडे. काळा चौकोन.

सगळे तसेच. अगदी त्या दिवसासारखे.

या वेळी तिने फोन बाजूला ठेवला नाही.

विचारल्याशिवाय उघडायचा नाही, हे तिला आठवत होते. पण विचारणार कोणाला? आणि उत्तराची वाट पाहण्यात एकदा सगळे गेले होते.

तिने चौकोन पुसून टाकला.

काळा रंग गेला. कितीतरी दिवसांनी खुर्ची दिसली. खुर्चीपुढे चटई. चटईवर बाबा कुशीवर निजलेले. अंगावर पांघरूण, छाती सावकाश वरखाली होत असलेली. गाढ झोप. दुसरे काही नाही.

ठकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

मग तिला दुसरी उशी दिसली.

बाबांच्या उशीला लागून. तिच्यावर कोणी नव्हते. पण ती मधोमध खोल दबलेली होती. डोके टेकल्यावर दबते तशी. आणि बाबांचा हात तिच्यावरून पलीकडे, हवेत किंचित उचललेला होता. कोणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर.

ती पाहत असतानाच...

उशीतला खळगा हळूहळू वर येऊ लागला.

कापूस फुगत गेला. उशी सपाट झाली. बाबांचा हात आधार सुटावा तसा चटईवर पडला.

ते जागे झाले. त्यांनी डोळे न उघडताच शेजारची उशी चाचपली. एकदा. पुन्हा एकदा. मग उठून बसले. इकडेतिकडे पाहिले, आणि शेवटी थेट कॅमेऱ्याकडे.

"ठके," ते म्हणाले, "उघडलास का गं?"

'एक पुरुष जमिनीवर बसला आहे,' अशी ओळ आली.

*

ठकी त्याच दिवशी निघून घरी गेली. बाबांनी दार उघडले, तिला जवळ घेतले. ते रागावले नाहीत. त्या दुपारी डोळ्यात घालायच्या औषधाने गुंगी आली होती, एवढेच. "मी खरंच पडलो असतो तर? तू बघितलंस ते बरोबरच केलंस," असे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. पाठीवरून हात फिरवत राहिले. मग थांबून, जरा हसल्यासारखे करून म्हणाले, "तोंडात कवळी नव्हती ना तिच्या. लाजली असेल."

ठकीने जमिनीला डोके टेकले आणि मोठ्याने क्षमा मागितली. खुर्चीची, चटईची, रिकाम्या उशीची. दोघांनी मिळून चौकोन पुन्हा आखला. बाबा खुर्चीत बसले, हात पसरले, पाय लांब केले. या वेळी कोणी हसले नाही.

चौकोन नेमका जागेवर बसला.

दुसऱ्या दुपारी बाबा आत जाऊन बसले. कॅमेऱ्याने चौकोनातले काहीच लिहिले नाही. तिसऱ्या दुपारीही नाही. आठवडे गेले. नर्सबाईंनी शिलाई मशीन परत आणून दिले. ते खुर्चीशेजारी ठेवून पाहिले. काही झाले नाही.

बाबा आता पुन्हा फिरायला जातात. जेवण कमी झाले आहे.

आता जे सांगतो ते ठकीने बाबांना अजून सांगितलेले नाही.

तो कॅमेरा काही दिसले, काही हलले, तरच लिहितो. काही दिसले नाही तर गप्प राहतो. त्याची रचनाच तशी आहे. माहितीपुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचले आहे, कंपनीलाही विचारले आहे. दिसत नसलेल्या गोष्टीची सूचना पाठवण्याची सोय त्यात नाही.

तरीही रोज दुपारी, बाबा बाहेर पडले, दाराला कुलूप लागले, खोली निवांत झाली, की ठकीच्या फोनवर एक ओळ येते...

'खोलीत कोणीही नाही.'

ती कॅमेरा उघडत नाही. आवाजाचे बटण दाबत नाही. हातातला साचा खाली ठेवून नुसती त्या ओळीकडे पाहत बसते, फोनचा उजेड आपोआप मालवेपर्यंत.